जामीन राहायला कोण उभे राहणार?

तुरुंग हा विषय आपल्या सभा-संमेलनांत निघतो तो एकाच निमित्ताने. कुठे तरी स्फोट होतो, आपली मुले उचलली जातात, आठ-दहा वर्षांनी ती सुटतात आणि मग आपण त्यांच्या वाया गेलेल्या तारुण्यावर बोलतो, कविता लिहितो, ठराव करतो. ते बरोबरच आहे. २००६ च्या मालेगाव स्फोटात धरलेली मुस्लिम मुले २०१६ साली आरोपमुक्त झाली. त्याच वर्षीच्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरवलेल्या बाराही जणांची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केली, तेव्हा त्यांतला एक जण कैदेतच मरून गेलेला होता. राज्य सरकार त्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेले. या अन्यायाबद्दल जेवढे लिहावे तेवढे थोडेच आहे.

पण आर्थर रोडच्या, ठाण्याच्या, येरवड्याच्या दारात मुलाखतीच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बुरख्यातल्या बायकांना विचारा, मुलगा कशात आत आहे? स्फोटाचे नाव घेणारी क्वचित एखादी निघेल. बाकीच्या खाली बघून सांगतील: मोबाइल. मोटारसायकल. मारामारी. गांजाची पुडी. हल्ली एम.डी. या मुलांसाठी कुठलीही बचाव समिती नाही, जलसा नाही, कविता नाही. का? तर ती 'बेगुनाह' नाहीत. त्यांनी काही तरी केलेले आहे, किंवा केले असण्याची शक्यता आहे. आपली सहानुभूती निरपराधांसाठी राखून ठेवलेली असते. अपराध्यांचे नाव निघाले की आपले पुढारी घसा खाकरतात आणि म्हणतात, "वो लडका हमारे मोहल्ले का नहीं है, बाहर से आया है."

आम्हाला या लेखात नेमक्या त्याच मुलांबद्दल बोलायचे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के आहेत, महाराष्ट्रात साडेअकरा टक्के. तुरुंगातला आपला वाटा मात्र वर्षानुवर्षे त्याहून पुष्कळ जास्त भरतो, आणि महाराष्ट्रात ही तफावत अधिक ठळक आहे. शिक्षणात मागे, नोकरीत मागे, बँकेच्या कर्जात मागे, आणि एवढ्या एका खात्यात मात्र आपण आपल्या वाट्यापेक्षा जास्त. राखीव जागा मागण्याची गरजच पडली नाही!

टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्याच्या अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला होता. त्यावरचा लेख २०१३ साली इंग्रजीत प्रसिद्धही झाला. त्यातून पुढे आले ते असे, की यांतल्या बहुसंख्यांचा कुठल्याही संघटित टोळीशी संबंध नव्हता. पोलिसांचा पूर्वग्रह, गरिबी, शाळा सुटणे, वकील न मिळणे, या सगळ्यांचा तो गुंता होता. हा अभ्यास आपल्यातल्या किती जणांनी वाचला? सच्चर समितीचा अहवाल जसा आपण न वाचता पंधरा-वीस वर्षे भाषणांत वापरला, तेवढेही भाग्य या अभ्यासाला लाभले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आपल्याकडे अशी एक समजूत आहे की किरकोळ गुन्ह्यासाठी तुरुंगाऐवजी दुसरा मार्ग देणे हे अमेरिका-युरोपातले लाड आहेत. तसे मुळीच नाही. १९५८ साली, म्हणजे आपल्यातल्या अनेकांचे वडील शाळेत होते तेव्हा, संसदेने अपराधी परिवीक्षा अधिनियम केला. कोर्टात त्याला सगळे 'प्रोबेशन' म्हणतात. त्याचे तिसरे कलम सांगते की चोरी, फसवणूक यांसारख्या नेमून दिलेल्या गुन्ह्यांत, किंवा ज्यांना दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नाही अशा कुठल्याही गुन्ह्यात, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल तर कोर्ट त्याला नुसती समज देऊन सोडू शकते. चौथे कलम याच्याही पुढे जाते. फाशी किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, हवे तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येते. पाचव्यात ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याची सोय आहे. सहावे कलम तर आपल्या मोहल्ल्यांसाठीच लिहिले आहे की काय असे वाटावे: आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे, आणि तरीही तुरुंगातच पाठवायचे तर का, याची कारणे लिहिली पाहिजेत. बाराव्या कलमाप्रमाणे तिसऱ्या-चौथ्या कलमाखाली सुटलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. ज्या पोराला उद्या रिक्षाचा बॅज काढायचा आहे, आखाताचा व्हिसा लावायचा आहे, त्याच्यासाठी हे एक कलम घरातल्या सगळ्या दागिन्यांपेक्षा मोलाचे आहे.

एवढा उमदा कायदा पासष्टहून अधिक वर्षे कपाटात आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५९ साली, मुंबई राज्याने भीक मागण्याविरुद्ध कायदा केला. तो मात्र कधी झोपला नाही. रस्त्यावरच्या माणसाला नुसत्या दारिद्र्यासाठी उचलून वर्ष-वर्ष डांबण्याची ताकद त्यात होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली. जवळजवळ एकाच वर्षी जन्मलेले हे दोन कायदे. गरिबाला आत टाकणारा जागा राहिला, गरिबाला बाहेर ठेवणारा झोपला. हे काही योगायोगाने झाले नाही.

का झोपला, ते एका पोराच्या प्रवासावरून समजते. समजा, भिवंडीच्या लूमवर काम करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. मागातली मंदी, दोन महिने काम नाही, दोस्तांबरोबर स्टेशनवर गेला, एकाने मोबाइल ओढला, हा पळताना सापडला. पोलीस धरतात. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, नोटीस द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार खटल्यात २०१४ सालीच सांगितले आहे. पण नोटीस द्यायला पत्ता लागतो, आणि याचा पत्ता म्हणजे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे बारा जण. पोलिसाच्या दृष्टीने हा 'फरार होणार'. मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला. वकील? कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. हे त्याला माहीत नाही, त्याच्या आईला माहीत नाही, जमातीच्या सदरांना माहीत असेल तर त्यांनी सांगितले नाही. काही दिवसांनी जामीन मंजूर होतो: पंधरा हजार आणि एक सॉल्व्हंट जामीनदार.

इथे गाडी अडते. जामिनाचा हुकूम झालेला आहे, आणि पोरगा आत आहे. जामीनदाराला रेशनकार्ड पाहिजे, घरपट्टीची पावती पाहिजे, पगाराची स्लिप पाहिजे, तहसीलदाराचा सॉल्व्हन्सीचा दाखला पाहिजे. आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते किंवा घरात बसून जरीकाम करते. पगाराची स्लिप म्हणजे काय हे तिला कोर्टाच्या कारकुनाने पहिल्यांदा सांगितलेले असते. कोर्टाच्या गेटवर भाड्याचे जामीनदार उभे असतात. त्यांचा दर तिला परवडत नाही, आणि परवडला तर खोट्या कागदांची आणखी एक केस मागे लागते. असे करता करता चार महिने, सहा महिने जातात. मग आतलाच कोणी शहाणा सांगतो, "कबूल कर, जितके भोगलेस तितक्यावर सोडतील." पोरगा कबूल करतो. भोगलेली शिक्षा पुरेशी धरली जाते आणि तो सुटतो. सगळे खूश. निकालपत्रात १९५८ च्या कायद्याचे नाव कुठेच नाही, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल नाही. कपाळावर मात्र 'शिक्षा झालेला' हा शिक्का कायमचा. आणि सहा महिने ज्या बराकीत तो झोपला तिथे त्याला नवे दोस्त मिळालेले आहेत, ज्यांच्यापुढे स्टेशनवरचे दोस्त म्हणजे मदरशातली मुले.

हे अरण्यरुदन नवे नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि त्याच्या भावाचा जामीन मॅजिस्ट्रेटने नाकारला, कारण काय, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे! न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या मॅजिस्ट्रेटची चांगलीच कानउघाडणी केली. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचा खटला आला. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जितकी शिक्षा आहे, त्याहून अधिक काळ ही माणसे खटल्याविना आत होती. त्या खटल्याला ज्या बाईचे नाव आहे ती हुसैनआरा खातून. जलद खटला हा मूलभूत हक्क ठरला तो तिच्या नावावर. देशातला प्रत्येक कायद्याचा विद्यार्थी हे नाव पाठ करतो. आपल्या मुलींच्या शाळांत ते कुणी सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिन्याभरात बंधपत्र भरता आले नाही तर कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरू नये. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत सरकार भरणार, असे तेव्हा ठरले. आता विचारा तुमच्या मोहल्ल्यात, किती जणांना ही योजना माहीत आहे. हज कमिटीचा अर्ज कधी निघतो ते सगळ्यांना ठाऊक असते.

"पण आता नवा कायदा आला ना," असे आम्हाला एक वकील मित्र म्हणाले. आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि शिक्षांच्या यादीत पहिल्यांदाच 'सामुदायिक सेवा' आली. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. सहा गुन्ह्यांना ती लागू आहे. त्यांत सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणे आहे, अब्रुनुकसानी आहे, दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा घालणे आहे. आपल्या पोरांच्या कामाचा एकच: पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी, आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली. ऐकायला छान आहे. पण पाच हजारांखालचा मोबाइल आज कोण घेऊन फिरतो? आणि हातातला मोबाइल हिसकावला तर ती साधी चोरी उरत नाही. त्याच संहितेने 'हिसकावणे' हा वेगळा गुन्हा केला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तिथे सामुदायिक सेवा नाही. एका हाताने दार उघडले, दुसऱ्या हाताने कडी घातली. शिवाय ही सेवा किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, याबद्दल संहिता गप्प आहे. आणि मुख्य गोष्ट, ती *शिक्षा* आहे. दोषी ठरल्यावरची. जगात ज्याला वळणवाट म्हणतात, म्हणजे खटल्याच्या आधीच किंवा अधेमध्येच माणसाला कोर्टाच्या रुळावरून उतरवून उपचाराकडे, कामाकडे, समेटाकडे वळवायचे आणि त्याने ते नीट पार पाडले तर केसच मिटवायची, ती ही नव्हे.

कच्च्या कैद्यांचेही तसेच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तरतूद आहे की ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही, त्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बंधपत्रावर सोडावे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे जुन्या केसेसनाही लागू केले. उत्तम. पण लगेच खालचे पोटकलम वाचा: एकापेक्षा जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर सुटका नाही. ज्यांनी पोलीस ठाण्याचा कारभार जवळून पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको की एकदा सापडलेल्या पोराच्या नावावर न उलगडलेल्या दोन-तीन केसेस कशा चढतात. त्या एका पोटकलमाने एक-तृतीयांशाची सगळी दया धुऊन निघते.

वळणवाट हा शब्द आपल्या कायद्यात नाही असे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या मूलतत्त्वांतच ती आहे: मुलाला शक्यतो न्यायालयीन कारवाईत न ओढता मार्ग काढावा. किरकोळ गुन्ह्याची चौकशी ठरल्या मुदतीत, वाढवून दिलेल्या वेळेतही, पूर्ण झाली नाही तर ती प्रकरणेच संपतात. म्हणजे सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलासाठी वाट आहे. वाढदिवस झाला, वाट बंद. अंमली पदार्थांच्या कायद्यातही असे एक दार आहे. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला आणि ते पुरे केले, तर ६४-अ कलमाखाली खटल्यापासून त्याला माफी मिळू शकते. कुर्ल्यात, मुंब्र्यात, औरंगाबादच्या जुन्या वस्त्यांत एम.डी.ने घरेच्या घरे खाल्ली आहेत. मुलाला उपचार हवेत म्हणून आई पोलिसांच्या पाया पडते, आणि हे कलम उच्चारणारा माणूस त्या ठाण्यात नसतो.

इथवर वाचून आमचे काही वाचक मान डोलावत असतील. सरकार असेच आहे, कोर्ट असेच आहे, पोलीस तर विचारूच नका. बरे वाटते ना? आता पुढचे वाचा.

१९५८ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाला एक अट आहे. आरोपीला, किंवा त्याच्या जामीनदाराला, त्या कोर्टाच्या हद्दीत कायमचे राहण्याचे ठिकाण किंवा नियमित कामधंदा आहे, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे. ती खात्री पटत नाही तोवर मॅजिस्ट्रेट कितीही दयाळू असला तरी त्याचा हात पुढे येत नाही. म्हणजे काय, तर तुरुंगाबाहेरची प्रत्येक वाट शेवटी एका माणसावर येऊन थांबते. त्या माणसाने कोर्टात उभे राहून म्हणायला हवे: हा आमचा आहे. हा इथे राहतो. याला मी काम देतो. हा तारखेला येईल, मी आणतो. पोराकडे घर नाही, धंदा नाही. पण जामीनदाराकडे असले तरी कायद्याला चालते. त्यासाठीच तर तो 'किंवा' घातलेला आहे.

आता सांगा, मोहल्ल्यात असे ठिकाण आणि असा धंदा कुणाकडे आहे? लूमचे मालक आहेत, बेकरीवाले आहेत, ट्रान्स्पोर्टवाले आहेत, जमातीचे ट्रस्टी आहेत. यांतले किती जण कधी मॅजिस्ट्रेट कोर्टाची पायरी चढले, एखाद्या मोबाइल-चोर पोरासाठी? शांतता कमिटीवर ते बसतात. रमजानमध्ये पोलीस निरीक्षकाला बोलावून इफ्तार देतात, शाल घालतात, फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याच निरीक्षकाच्या कोठडीत त्याच रात्री मोहल्ल्यातली दोन पोरे असतात. त्यांच्याबद्दल खजूर खाताना एक शब्द निघत नाही, कारण त्याने 'कौम की बदनामी' होईल. बदनामी चोरीने होते आणि जामीन राहिल्याने होते, हा हिशेब कुणी शिकवला यांना? तुरुंगात आपली संख्या वाढत गेल्याने बदनामी होत नाही?

आणि धर्माचे नाव घेऊन सुटका करून घेऊ नका. हिजरी १८ सालच्या भयंकर दुष्काळात हजरत उमर यांनी चोरीची हद्द लागू करणे थांबवले, हे आपण खुतब्यात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पोट रिकामे असताना केलेल्या चोरीकडे कसे पाहावे, हे त्या खलिफाने चौदाशे वर्षांपूर्वी ठरवले. आपण त्याचे गुणगान करतो आणि मंदीत काम गेलेल्या लूम कामगाराच्या पोराला 'चोट्टा' म्हणून दार लावतो. कुरआनने जकातीचे आठ हक्कदार सांगितले, त्यांत मान सोडवण्यासाठीचा एक हप्ता आहे, आणि कर्जात बुडालेल्यांचाही एक. गुलामगिरी गेली तेव्हा मान सोडवण्याचा हप्ता कुठे वळवायचा, यावर आलिमांत मते वेगवेगळी आहेत. ती त्यांनी बसून मिटवावीत, आम्ही त्यात पडत नाही. पण सदका आणि लिल्लाहची रक्कम दंड भरायला, जामिनाची अनामत ठेवायला वापरण्यास कुणाची हरकत आहे? आखातातून पैसे पाठवणारे आपले कोकणी भाऊ तिथे दर रमजानमध्ये पाहतात, की कर्जापायी आत असलेल्यांची देणी लोकांच्या देणग्यांतून फेडून त्यांना ईदआधी घरी पाठवले जाते. तेच भाऊ इथे गावी मशिदीच्या तिसऱ्या मजल्यासाठी, मिनारावरच्या रोषणाईसाठी रक्कम पाठवतात, आणि ट्रस्टी ती आनंदाने घेतात. मागणारा कैद्यांसाठी मागायलाच येत नाही, तर देणारा देणार कसा?

आमच्यावर पहिला हल्ला होईल तो ठरलेला आहे: तुम्ही चोरांची बाजू घेता, ज्याचा मोबाइल गेला त्याचे काय? ज्याचा मोबाइल गेला त्याला आजच्या पद्धतीत काय मिळते? जप्त झालेला त्याचा फोन मुद्देमाल म्हणून पडून राहतो, साक्षीसाठी रोजगार बुडवून तारखा खाव्या लागतात, आणि चोर सहा महिने आत राहिल्याने त्याच्या खिशात एक रुपया येत नाही. परिवीक्षेच्या कायद्यात भरपाईचे कलम आहे, ते आधीच सांगितले. काम करून, हप्त्याहप्त्याने नुकसान भरून देणारा पोरगा त्याला जास्त उपयोगाचा, की बराकीत पत्ते कुटणारा?

दुसरा हल्ला पुण्याचा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि गाडी चालवणाऱ्या श्रीमंत घरच्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळातून ताबडतोब जामीन मिळाला. अटींमध्ये एक होती अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध. देशभर संताप झाला, आणि तो रास्त होता. पण त्या संतापाचा धडा काय घेतला गेला? की सवलत म्हणजे चेष्टा. दोन माणसे मेलेली घटना किरकोळ गुन्हा नसते. तिला निबंधाचा उपाय लावला गेला, आणि आता प्रत्येक किरकोळ गुन्ह्यातल्या गरीब पोराच्या तोंडावर तो निबंध फेकला जातो. ज्या घरात वकिलांची फौज होती तिथे काही तासांत दार उघडले. आमच्या लूमच्या पोराला तीनशे शब्द लिहायला कुणी सांगितलेच नाही. खरे तर त्याला लिहिताही आले नसते, सातवीत शाळा सुटली.

तिसरी शंका मात्र आम्ही गंभीरपणे घेतो, कारण ती शहाण्या माणसांची आहे. अमेरिकेत मायामीला १९८९ साली व्यसनींसाठी वेगळे कोर्ट निघाले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रेड हूक या बंदरालगतच्या गरीब वस्तीत २००० सालापासून एक कोर्ट चालते. एकच न्यायाधीश, आणि त्याच इमारतीत उपचार, कामाची सोय, शिक्षण. तिथून गेलेली माणसे पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण कमी झाल्याचे २०१३ सालच्या स्वतंत्र पाहणीत दिसले. पण त्याच देशात कित्येक ठिकाणी अशा वाटेवर चालण्याची फी घेतात. ज्याला फी परवडत नाही तो तुरुंगात. शिवाय ज्यांना पूर्वी पोलीस दटावून सोडून देत, त्यांनाही 'कार्यक्रमात' अडकवले जाऊ लागले. जाळे आखूड होण्याऐवजी रुंदावले. आपल्याकडे हे होणार नाही असे नाही. सामुदायिक सेवेच्या नावाखाली आपल्या आणि दलितांच्या पोरांच्या हाती झाडू, आणि दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या बड्या बापाच्या मुलाकडे ग्रंथालयातले काम, अशी वाटणी होण्याचा धोका आम्हाला स्पष्ट दिसतो. तो टाळायचा तर देखरेख करणारी माणसे वस्तीतली पाहिजेत. कोर्टात बसून लक्ष ठेवणारी.

आणि तशी सोय कायद्याने करून ठेवलेली आहे. परिवीक्षा अधिकारी कोण होऊ शकतो, हे तेराव्या कलमात आहे. सरकारने नेमलेला माणूस. किंवा सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेने पुरवलेला माणूस. किंवा अपवाद म्हणून, कोर्टाला योग्य वाटेल असा दुसरा कोणीही. दुसरे वाक्य पुन्हा वाचा: मान्यताप्राप्त संस्थेने पुरवलेला माणूस. आपल्याकडचे जिल्हा परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्यात बसतात आणि त्यांच्या टेबलावर मुलांची आणि महिलांची कामे इतकी साचलेली असतात की प्रौढ आरोपींच्या अहवालाला हात लागत नाही. टाटा संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत पोलीस ठाणी, कोर्ट आणि तुरुंगांत समाजकार्यकर्ते बसवून हे काम करतो. म्हणजे होऊ शकते, हे सिद्ध आहे. आपल्या शिक्षणसंस्था, वेल्फेअर सोसायट्या, जमातखाने यांची संख्या मोजा. त्यांतल्या एकीने तरी या मान्यतेसाठी अर्ज केल्याचे तुमच्या ऐकण्यात आहे?

आम्ही हा मुद्दा एका बैठकीत मांडला तेव्हा एका ट्रस्टी साहेबांनी विचारले, "पैसा कहाँ से आएगा?" ज्या हॉलमध्ये बैठक चालली होती तिथे चार एसी चालू होते. समाजकार्याची पदवी घेतलेली दोन मुले-मुली पगारावर ठेवायची. त्यांनी रोज सकाळी मॅजिस्ट्रेट कोर्टात जायचे, त्या दिवशी कोण हजर केले गेले त्याची यादी घ्यायची, एकवीसच्या आतले कोण आणि पहिल्यांदाच आलेले कोण ते पाहायचे. घरी जाऊन आईला भेटायचे, शाळेचा दाखला शोधायचा, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला सहावे कलम आठवून द्यायचे, सात दिवसांत सुटका न झालेल्यांची नावे अधीक्षकाकडून मागायची. दहा व्यापाऱ्यांची यादी करायची, जे जामीन राहतील आणि ज्यांच्या दुकानात, लूमवर, बेकरीत पोराला काम मिळेल. मुस्लिम पोरगाच पाहिजे असा हट्ट नको. त्या रांगेत पारधी, वडार, मातंग, उत्तरेतून आलेला बिगारी, सगळे उभे असतात आणि तहसीलदाराचा दाखला त्यांच्याकडेही नसतो. अर्ज महिला व बालविकास खात्याकडे करायचा. मराठीत केला तरी चालतो.

ट्रस्टी साहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढची बैठक मिनाराच्या रंगासाठी होती.